फ्रान्सचं ताट, लातूरचं डाएट आणि आपली भाकरी

गेल्या वर्षावासातली गोष्ट. नांदेडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेचं वंदन आटोपलं आणि मंडळी ओट्यावर गप्पा मारत बसली. बारावीतल्या एका मुलीने मोबाइलवर पाहिलेलं सांगितलं. फ्रान्सची माणसं लोणी खातात, चीज खातात, पाव खातात, तरी जाड होत नाहीत, कारण ती अधेमधे काही खात नाहीत. त्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं? आमच्या लातूरच्या जावयानं दीक्षित डाएट केलं, चार महिन्यांत पँट सैल झाली." धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्या तर जन्मभर दोनच टायमाला जेवले. मग माझी शुगर कशी वाढली?"

त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. आम्हालाही नाही. मग आम्ही थोडं वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि मावशींच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशोब त्यांच्याच तोंडून लिहून घेतला. या महिन्याचं आरोग्याचं पान त्या प्रश्नासाठी ठेवलं आहे.

फ्रान्सचं काय आहे?

फ्रेंच माणूस साधारण तीन वेळा जेवतो. सकाळी थोडं, दुपारी नीट, रात्री बेताचं. शाळेतून आलेल्या लेकरांना साडेचारच्या सुमारास एकदा खाऊ मिळतो. बाकी मधल्या वेळेत तोंड बंद. जेवायला सगळ्यांनी मिळून बसायचं, घाई करायची नाही, एक पदार्थ संपला की दुसरा. दिवसातले दोन तासांहून जास्त ते खाण्यापिण्यात घालवतात. वाढून घेतात मात्र थोडं. २००३ साली काही संशोधकांनी पॅरिस आणि अमेरिकेतलं फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या हॉटेलांतली ताटं तोलून पाहिली. पॅरिसमध्ये एका वाढणीचं वजन सरासरी २७७ ग्रॅम भरलं, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. गंमत अशी की एकाच कंपनीच्या बर्गरच्या दुकानातही फ्रेंच माणूस बावीस मिनिटं बसला आणि अमेरिकन चौदा मिनिटांत उठला.

या खाण्याचा जगभर गाजावाजा सुरू झाला तो १९९० नंतर. सर्ज रेनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की चरबी भरपूर खाऊनही फ्रान्समध्ये हृदयविकाराने मरणारे कमी आहेत, आणि त्याचं श्रेय त्यांनी बरंचसं वाइनला दिलं. २००४ मध्ये मिरेय ज्युलियानो या बाईंचं पुस्तक आलं. फ्रेंच बायका जाड होत नाहीत, असं त्याचं नावच होतं. ते लाखोंनी खपलं. बाई शॅम्पेन विकणाऱ्या एका कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुख होत्या, हे वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

जाड होत नाहीत, हे मात्र खरं नाही. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या शंभर प्रौढांमागे आठ-नऊ जण लठ्ठ होते. २०२० मध्ये ते सतरा झाले. पुड्यातलं आणि बाटलीतलं खाणं तिथेही पोचलं. फरक एवढाच की तिथलं सरकार त्याला आडवं गेलं. २००५ पासून शाळांमधली चॉकलेट आणि थंड पेयांची यंत्रं बंद केली. २००७ पासून अशा खाद्यपदार्थांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत 'दोन जेवणांच्या मधे काही खाऊ नका' अशा सूचना दाखवायला लावल्या. २०१७ मध्ये हॉटेलातलं 'हवं तेवढं फुकट कोल्ड्रिंक' कायद्यानं थांबवलं. म्हणजे फ्रेंच माणसाच्या शिस्तीमागे त्याच्या घरच्या वळणाबरोबर सरकारचा हातही आहे, आणि कामाच्या ठिकाणी जेवायला मिळणारी निवांत सुट्टीही आहे. आपल्याकडे पाच रुपयांचा पुडा शाळेच्या फाटकाला लटकलेला असतो आणि मजुराची जेवणाची सुट्टी मुकादमाच्या मर्जीवर असते. हा फरक मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

लातूरचं डाएट

आता आपल्या घराजवळचं. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसीनचे प्राध्यापक होते. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. जिचकार म्हणजे पदव्यांच्या संख्येसाठी प्रसिद्ध असलेले, आमदार आणि मंत्री राहिलेले गृहस्थ, २००४ मध्ये अपघातात गेले. त्यांचं म्हणणं दीक्षितांनी आधी स्वतःवर करून पाहिलं आणि मग गावोगाव फिरून सांगितलं. २०१८-१९ मध्ये राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांना सदिच्छादूत नेमलं तेव्हा बराच वाद झाला. त्याच काळात ऋजुता दिवेकरांचं 'दर दोन तासांनी थोडं थोडं खा' हेही घरोघरी गाजत होतं, त्यामुळे एकाच घरात सासू दोनदा जेवायची आणि सून आठ वेळा, असं आम्ही लातुरात पाहिलं आहे.

दीक्षितांचं सांगणं थोडक्यात असं. तुम्हाला खरी भूक कधी लागते ते ओळखा, दिवसातून त्या दोनच वेळा जेवा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. मधे भूक लागली तर पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. गोड कमी, धान्य कमी, प्रथिनं जास्त. रोज पाऊण तास चाला, त्यात साडेचार किलोमीटर झाले पाहिजेत. सुरू करण्याआधी एचबीएवनसी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासून घ्या.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. आपण काहीही खाल्लं की शरीर इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं आणि उरलेली चरबी म्हणून साठवून ठेवतं. इन्सुलिन वर असेपर्यंत साठवलेली चरबी बाहेर निघत नाही. दर तासाला तोंडात काही ना काही गेलं तर इन्सुलिन खाली यायला वेळच मिळत नाही. म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असा तो विचार.

यात तथ्य किती? २०१४ मध्ये प्राग शहरातल्या डॉक्टरांनी ५४ मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग छापला. बारा आठवडे दोन मोठी जेवणं, बारा आठवडे सहा छोटी, एकूण अन्न तेवढंच. दोन जेवणांत वजन सरासरी ३.७ किलो उतरलं, सहांत २.३. म्हणजे 'सारखं थोडं थोडं खा' या सल्ल्यापेक्षा दोनदा खाणं त्या रुग्णांना जास्त मानवलं. दुसरीकडे २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ माणसांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच कमी खायला सांगितलं होतं. निम्म्यांनी ते दिवसातल्या आठच तासांत खाल्लं, निम्म्यांनी हवं तेव्हा. दोन्ही गटांचं वजन उतरलं आणि त्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आमचं मत असं की घड्याळाने काम होतं ते मुख्यतः त्यामुळे मधलं खाणं गळतं म्हणून. घड्याळात जादू नाही.

दीक्षितांच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्यांनी पावडर विकली नाही, डबा विकला नाही. वजन उतरवण्याच्या नावाखाली महिन्याला हजारो रुपयांचे डबे आपल्या वस्त्यांमध्येही खपवले जातात, आणि कुणाची सून तर कुणाचा भाचा त्यात एजंट असतो. त्यापेक्षा फुकटचा सल्ला शंभर पटीने बरा.

मावशींचा हिशोब

फ्रान्स आणि लातूर दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे. जेवणाच्या वेळी जेवा, मधे चरत राहू नका. आता मावशींचा दिवस पाहा.

पहाटे साडेपाचला चहा आणि दोन टोस्ट. सात वाजता पहिल्या घरी काम, तिथे चहा. दुसऱ्या घरी चहा आणि रात्रीचे उरलेले पोहे किंवा पोळी. तिसऱ्या घरी पुन्हा चहा. दोन वाजता घरी येऊन जेवण, बहुतेक रेशनच्या गव्हाची पोळी किंवा भात, पातळ वरण आणि लोणचं. चारला नातवाच्या पुड्यातली दोन-चार बिस्किटं आणि चहा. सहाला शेजारीण आली की आणखी एक. रात्री दहाला सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं.

मावशी जेवतात दोनदा हे खरंच. पण तोंडात काही जातं आठ वेळा. सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला साठ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या सूचना काढल्या त्यात वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. मावशींच्या पोटात महिन्याला पावणेदोन किलोहून जास्त साखर नुसत्या चहातून जाते, आणि ती त्यांच्या घरच्या वाणसामानाच्या यादीत दिसतही नाही, कारण बरीचशी दुसऱ्यांच्या घरची असते. हा चहा त्या चैन म्हणून पीत नव्हत्या. सकाळी सात ते दोन उभ्याने काम करायचं तर पोटाला आधार तोच होता.

दुसरं म्हणजे ताटात काय आहे. देशभरच्या मधुमेह पाहणीतून २०२५ मध्ये दिसलं की भारतीय माणसाला मिळणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ६२ टक्के धान्य, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येते. आपल्या वस्तीत याचं कारण सरळ आहे. रेशनवर मिळतो तो गहू आणि तांदूळ. ज्वारी विकत घ्यावी लागते. ज्या मराठवाड्यात घरोघर ज्वारीची भाकरी आणि त्याबरोबर हुलगा, मटकी, तूर, अंबाडी, तांदुळजा, घोळ होती, तिथे आता पांढरा भात आणि पातळ वरण आलं. आपल्या समाजाचं जुनं खाणं काय होतं ते शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात (२०१५) नोंदवलं आहे. चान्या, रक्ती, वजडी, सुकट, रानभाज्या. ते खाणं गरिबीचं आणि अपमानाचं होतं, त्याचे गोडवे गायची आमची इच्छा नाही. पण त्यात तेल आणि साखर नावालाच होती आणि प्रथिनं होती. २०१५ च्या कायद्याने बैलाचं मांस बंद झालं तेव्हा स्वस्त प्रथिनांचं एक दार बंद झालं. त्याची जागा चिकनने भरली ती फक्त रविवारी, आणि बाकीचे सहा दिवस ती जागा पुड्यांनी भरली.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं. जेवणं दोनच होती, पण मधली साखर मोजली जात नव्हती आणि ताटात प्रथिनं नव्हती. तिसरं कारण आणखी मागचं आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून दिसलं की आपल्याकडची अर्धपोटी आई कमी वजनाचं बाळ जन्माला घालते, आणि त्या बाळात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. असं बाळ पुढे अंगाने किरकोळ दिसलं तरी त्याला मधुमेहाचा धोका जास्त. मावशींचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. त्यांच्या आईने तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडली होती.

जे डाएट एकाला औषध, ते दुसऱ्याला घात

त्या दिवशीच्या गप्पांनंतर मावशींनी मनावर घेतलं. व्हिडिओ पाहून दुसऱ्याच दिवसापासून सकाळचं सगळं बंद, साखर बंद, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. हौसेने सुरू केलं आणि आम्हीही त्यांचं कौतुक केलं. चूक तिथेच झाली, आणि ती आमचीही होती. साखरेसाठी त्यांना रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी होती. ही गोळी खाल्लं असो वा नसो, शरीराकडून इन्सुलिन काढून घेते. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास बसथांब्यावर त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, काय बोलतात ते कळेना. चहावाल्याने ओळखलं, त्याच्या वडिलांना साखर होती. त्याने चमचाभर नव्हे, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत त्या सावरल्या.

हे प्रत्येक घराने पाठ करून ठेवावं. साखरेच्या रुग्णाला अचानक घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं तर साखर खाली गेली असं धरून चाला. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, मग जेवायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी असणाऱ्यांनी एकही जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. आधी गोळीचं प्रमाण बदलावं लागतं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी, तरी विचारूनच. गोळीचं नाव ठाऊक नसेल तर रिकामं पाकीट बरोबर न्या.

आणि डाएट सुरू केलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं, हा याच्या उलटा घात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावं लागत होतं. औषध चालू असण्यात कमीपणा नाही.

आता ज्यांना साखर नाही त्यांचं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० उष्मांक पुरतात, आणि अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या बाईला २७२० लागतात. ज्वारीची एक मोठी भाकरी, साधारण ७५ ग्रॅम पिठाची, २५० उष्मांकांची. म्हणजे नुसत्या भाकरीत मोजलं तर सोयाबीन काढणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या बाईला दिवसाला अकरा भाकरींएवढं अन्न हवं. ते दोन बैठकीत पोटात कसं जाणार? दोन वेळच्या जेवणाचा सल्ला ज्या माणसाला बसतो तो खुर्चीत बसून काम करतो, त्याचं पोट सुटलेलं असतं आणि घरात फ्रिज असतो. आपल्याकडेही अशी माणसं आता आहेत: शिक्षक, बँकेतले, एसटीतले, दुकानात गल्ल्यावर बसणारे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर किंवा बाईचा ८० च्या वर असेल, अंगमेहनत नसेल, साखरेच्या गोळ्या नसतील, तर त्यांनी तपासण्या करून हे डाएट जरूर करून पाहावं. लातूरच्या जावयाला फायदा झाला तो खोटा नाही.

पण त्याच घरातल्या सुनेने करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच पाहणीत शंभरात सुमारे २३ जणी जास्त वजनाच्या होत्या आणि सुमारे २१ जणी हाडकुळ्या. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही असतात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढतं लेकरू, रक्त कमी असलेली मुलगी, वजन आधीच कमी असलेलं म्हातारं माणूस, टीबीचं औषध चालू असलेला रुग्ण, यांनी जेवण कमी करायचं नाही. दीक्षितही लहान मुलांना आणि टाइप वन मधुमेहींना यातून वगळतात. मोबाइलवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या तुकड्यात तेवढंच नेमकं कापलेलं असतं. फ्रान्समध्येसुद्धा लेकरांना चौथं खाणं मिळतं, हेही विसरू नये. शाळेतला पोषण आहार आणि अंगणवाडीचा आहार लेकरांनी खाल्लाच पाहिजे.

वाइनबद्दल चारच शब्द, कारण कुणीतरी विचारणारच. हृदयाला चांगली म्हणून थोडी घेतली तर? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. पाचवं शील घेतलेल्या माणसाला एवढं पुरे.

फ्रान्सकडून घ्यायचं ते हे

त्यांचं चीज, लोणी, ऑलिव्हचं तेल आपल्याला नको. करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल आपल्याकडे आहे, तेही बेताने. घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि तिला पैसे लागत नाहीत. सगळ्यांनी एका वेळी, एकत्र, बसून जेवणं.

आपल्या घरात अजूनही पुरुष आणि लेकरं आधी जेवतात आणि बाई शेवटी. कोरड्यास संपलेलं असतं, अंडी मोजून केलेली असतात, तिच्या वाट्याला भात आणि खरड येते. ती काय खाते हे कुणाला दिसतच नाही, म्हणून तिच्या अंगात रक्त का नाही हे कुणाला कळत नाही. एकत्र बसलं की तिचं ताट सगळ्यांसमोर असतं. पाच अंडी आणि सहा माणसं असतील तर ती कशी वाटायची हे सगळ्यांसमोर ठरवावं लागतं. 'माझं नंतर होईल' म्हणणाऱ्या बाईला बसवणं हे त्या घरातल्या पुरुषाचं काम आहे. आम्ही ज्या घरांत विचारलं तिथे पुरुषांनी 'तीच बसत नाही' असं सांगितलं आणि बायकांनी 'गरम भाकरी कोण करणार' असं. भाकरी आधी करून दुरडीत झाकून ठेवली तर बिघडत नाही.

हळू जेवण्याचा फायदाही एकत्र बसण्यातून मिळतो. पोट भरल्याचं मेंदूला कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. टीव्हीसमोर किंवा मोबाइल हातात धरून जेवलं तर ते कळतच नाही. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आल्याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितलं नाही. भोजनात प्रमाण ओळखणाऱ्याचं दुखणं कमी होतं, अशा अर्थाची गाथा म्हटली. राजाने ती एका तरुणाला शिकवून रोज जेवताना म्हणायला लावली आणि हळूहळू त्याचं खाणं एका नाळीवर आलं. स्वतः सिद्धार्थाने आधी उपासमारीचा मार्ग करून पाहिला होता आणि सोडला होता.

यावरून अष्टशीलाचा प्रश्न येतो. वर्षावासात पौर्णिमा, अष्टमीला विकालभोजन वर्ज्य करणाऱ्या उपासिका आपल्याकडे बऱ्याच आहेत. दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जेवण नाही. वर सांगितलेल्या प्रागच्या प्रयोगातली दोन जेवणंही सकाळची आणि दुपारचीच होती, रात्रीचं नव्हतं. तेव्हा निरोगी माणसाला याने त्रास होऊ नये. पण ज्यांना संध्याकाळची साखरेची गोळी किंवा सुई आहे त्यांनी आधी डॉक्टरांना दिवस सांगून ठेवावा, आणि त्यांनी परवानगी दिली नाही तर भन्तेजींना तसं सांगून बाकीची सात शीलं पाळावीत.

ताटात काय बदलता येईल? एका दिवसात सगळं नको. चहात दोन चमच्यांऐवजी एक, मग अर्धा, आणि दिवसाला दोनच कप. जेवल्याबरोबर चहा नको, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा. आठवड्यातले चार दिवस तरी ज्वारी. भात आधी आणि भाजी नावाला, हे उलटं करा: आधी कांदा-काकडी, मोड आलेली मटकी किंवा हुलगा, मग भाकरी, भात शेवटी थोडा. सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पिकतं. ३० ग्रॅम सोयावडीत सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे साधारण अडीच अंड्यांएवढी. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात. कामावर जाताना टोस्टऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे पदराला बांधून न्या. लेकरांच्या दोन पुड्यांच्या पैशांत एक अंडं येतं.

मावशींची गोळी डॉक्टरांनी आता बदलली आहे. सकाळी कामाला निघण्याआधी त्या अर्धी भाकरी आणि बेसन खाऊन जातात, दुपारी दोनला आणि रात्री आठला जेवतात, मधे काही नाही. दोन घरी चहा नको म्हटल्यावर बाईसाहेबांना राग आल्यासारखं वाटलं, एका घरी त्याऐवजी ताक मिळायला लागलं. रात्रीचं जेवण आठला आणायला घरात पंधरा दिवस कुरबूर झाली. तीन महिन्यांची एचबीएवनसीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, म्हणून त्यांच्याबरोबर गल्लीतल्या आणखी सात जणी निघाल्या आहेत. सून तिशीच्या आतली आहे, पण तिचं हिमोग्लोबिन बघायचं म्हणून मावशी तिलाही नेणार आहेत.